दयाळाचा कॅमेरा

शनिवारी सकाळी दहा वाजता तुळसकरांच्या घरातला राउटर बदलला आणि सव्वादहाला गुणाजी हातात टॅब घेऊन श्वेताच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"श्वेता, पिल्लां दिसनत नाय," ते म्हणाले.

श्वेता भलतीच खुशीत होती. ती अंधेरीच्या एका विमा कंपनीत क्लेमचं काम बघायची, आठवड्यातले तीन दिवस घरून. गेले दोन महिने तिचे ऑफिसचे कॉल ऐन वाक्यात तुटत होते. शेवटी केबलवाल्याकडचा कुंडलिक आज नवाकोरा पांढरा राउटर लावून गेला होता आणि जुना काळा पिशवीत टाकून घेऊन गेला होता. तिने स्पीड मोजला तर पूर्वीच्या आठपट. हे ती बाबांना सांगणारच होती, पण त्यांचा चेहरा बघून थांबली.

टॅबवर काळा चौकोन होता आणि त्यात एकच शब्द, ऑफलाइन.

"अरे देवा," ती म्हणाली. "कॅमेरा जुन्या वायफायवर होता."

चारकोपच्या सेक्टर तीनमधल्या त्या तिसऱ्या मजल्याच्या घरात गेला महिनाभर सगळ्यांचा दिवस त्या टॅबनेच सुरू व्हायचा. गुणाजींनी आयुष्यभर तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात काम केलं होतं. निवृत्तीनंतर हाताला काम हवं म्हणून त्यांनी उरलेल्या प्लायवुडचं एक खोकं बनवलं, वर बिजागरीचं झाकण, पुढे दोन इंचांचं भोक, आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलला बाहेरून टांगलं. भोक बाहेर, बदामाच्या झाडाकडे. मुलगा सुयोग बोटीवर इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला असताना त्याने झाकणाच्या आतून एक छोटा कॅमेरा बसवला होता आणि त्याची वायर ग्रिलमधून आत घेऊन प्लगला लावली होती. पहिलं वर्ष खोकं रिकामंच राहिलं. यंदा एप्रिलमध्ये दयाळ पक्ष्यांची जोडी आली. काळापांढरा नर, राखाडी मादी. चार अंडी, त्यातल्या तिनातून पिल्लं.

आणि काल संध्याकाळी त्या तिनातलं सर्वांत लहान पिल्लू अडकलेलं दिसलं होतं.

श्वेताच्या आईने, प्रेमाताईंनीच ते पहिल्यांदा पाहिलं. मोठी दोन भोकाशी चढून बाहेर बघत होती आणि धाकटं मात्र उडी मारायचं, आणि कुणीतरी मागे खेचल्यासारखं परत घरट्यात पडायचं. त्याच्या डाव्या पायाला पिवळा नायलॉनचा धागा गुंडाळला होता. गोणीचा असावा; मादीनेच काड्यांबरोबर आणलेला. श्वेताने लगेच नंदकिशोरकाकांना फोन केला होता. बोरिवलीचे नंदकिशोर म्हणजे तिच्या मैत्रिणीचे वडील, तीस वर्षं पक्षी बघणारा माणूस. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आत्ता झाकण उघडू नका. हात आत गेला की तिन्ही घाबरून बाहेर उड्या मारतील, आणि मोठ्यांचे पंखही अजून पुरते तयार नाहीत. ती दोघं उद्या आपणहून जातील. ती गेली की लगेच उघडा आणि धागा कापा. उशीरही करू नका. आईबाप मोठ्यांच्या मागे गेले की हे एकटं ओढाताण करून पाय मोडून घेईल."

म्हणजे सगळा मामला वेळेचा होता. आणि वेळ कळायला फक्त तो कॅमेराच होता, कारण खिडकीतून खोक्याची पाठ तेवढी दिसायची.

श्वेताने आधी कॅमेऱ्याचा प्लग काढून परत लावला. काही झालं नाही. मग तिने फोनवर सुयोगने पाठवून ठेवलेली सूचनांची पानं उघडली.

"नवीन वायफायला जोडायचं तर कॅमेऱ्याच्या मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबायची," ती वाचत म्हणाली. "मग तो बोलतो. तयार आहे असं मोठ्याने इंग्रजीत सांगतो."

"खोक्याच्या आत?" प्रेमाताईंनी विचारलं.

"कॅमेरा आतच आहे ना."

"नाय," गुणाजी म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि खिडकीशी स्टूल ओढून बसले.

बाहेर बदामाच्या फांदीवर नर बसला होता. त्याच्या चोचीत हिरवी अळी होती आणि तो ती घेऊन आत जात नव्हता. नुसता लांबून दाखवत होता आणि चिर्र चिर्र करत होता.

"बोलावतोय त्यांना," प्रेमाताई म्हणाल्या. "खायला हवं तर बाहेर या, म्हणतोय."

श्वेताने हॉलमधल्या नव्या राउटरकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा अगदी शांतपणे जळत होता. आणि त्या दिव्याकडे बघता बघता तिला सुचलं.

"आई, कॅमेऱ्याला कुठे माहितीय राउटर बदललाय ते? तो बिचारा जुनं नाव घेऊन हाका मारतोय. आपण नव्या राउटरला जुन्याचंच नाव दिलं, जुनाच पासवर्ड दिला, तर तो आपणहून येईल. हातसुद्धा लावायला नको."

"मग दे की."

"नाव ठाऊक आहे. पासवर्ड सुयोगने ठेवला होता. तुला आठवतोय?"

प्रेमाताईंना आठवत नव्हता. गुणाजींच्या फोनला बटणं होती, वायफाय नव्हतंच. श्वेताने स्वतःच्या फोनमध्ये शोधलं आणि कपाळावर हात मारला. सकाळी कुंडलिक गेल्यावर तिनेच उत्साहाने फोनमधून आणि टॅबमधून जुनं नाव पुसून टाकलं होतं. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड होता, पण तो बघायची परवानगी तिला नव्हती आणि परवानगी देणारा माणूस सोमवारी येणार होता. प्रेमाताईंच्या जुन्या फोनमध्ये नाव होतं, पासवर्डच्या जागी नुसती टिंबं. तो फोन इतका जुना होता की ती टिंबं उघडायची सोयच त्यात नव्हती.

तिने कुंडलिकला फोन लावला. "अहो, तो जुना राउटर परत मिळेल का? दहा मिनिटांसाठी?"

"मॅडम, तो ऑफिसला आल्या आल्या रिसेट केला," कुंडलिक म्हणाला. "आता तो कोरा आहे. काही राहिलं का त्यात?"

"सगळंच राहिलं," श्वेता म्हणाली.

सुयोगला तिने मेसेज टाकून ठेवला होता. बोटीवर नेट मिळेल तेव्हा मिळेल. पण नशिबाने वीस मिनिटांत उत्तर आलं. ‘बहुतेक बांगडा होतं त्यात. आणि पुढे एक आकडा. ड्युटीवर जातोय, सॉरी. पिल्लू कसंय?’

"बांगडा," श्वेताने वाचलं. "आणि आकडा."

तिने राउटरचं पान फोनवर उघडलं, नाव बदललं आणि अंदाजाने पासवर्ड टाकायला सुरुवात केली. बांगडा एक. प्लग काढायचा, लावायचा, तीन मिनिटं थांबायचं. राउटरच्या पानावर जोडलेल्या वस्तूंची यादी दिसत होती. त्यात तिचा फोन सोडून काही येत नव्हतं. बांगडा एकशे तेवीस. परत तीन मिनिटं. सुयोगचं जन्मवर्ष. त्याच्या बोटीचा नंबर. चौथ्या वेळी गुणाजी खिडकीतून न वळता म्हणाले, "मादी पण भायेरच हा. आत जायत नाय."

श्वेता आईकडे वळली. "आई, आपण हा पासवर्ड कुणाला दिला होता का कधी? आठव ना. गणपतीत? दिवाळीत? कुणी पाहुणा, कुणी शेजारी, ज्याच्या फोनमध्ये तो अजून असेल?"

प्रेमाताई ओट्याला टेकून आठवू लागल्या. गणपतीत आलेल्या भावाने मागितला होता, पण त्याने फोन बदलला. भजनाच्या मंडळींना कुणी दिला नव्हता. मग त्या एकदम सरळ झाल्या.

"शर्मिष्ठाताई गं. पहिल्या मजल्यावरच्या. फेब्रुवारीत त्यांची लाइन बंद होती ना आठ दिवस? तेव्हा नातीशी बोलायला आपल्या जिन्यात बसायच्या. सुयोगला फोनवर विचारून मीच त्यांच्या मोबाइलमध्ये टाकला होता."

"तूच टाकलास आणि तुला आठवत नाही?"

"तो एकेक अक्षर सांगत होता, मी दाबत होते. फेब्रुवारीतलं कोण ध्यानात ठेवतं?"

श्वेता तोपर्यंत चपला घालत होती.

शर्मिष्ठाकाकूंच्या दाराला कुलूप होतं. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. खाली वॉचमनने सांगितलं, बाई मार्केटला गेल्या, कैऱ्या आणायला. श्वेता धावली. मे महिन्याचं अकराचं ऊन, रस्त्याला सावली नाही. एका हाताने ओढणी सावरत, दुसऱ्या हाताने सारखा फोन लावत ती सेक्टर दोनच्या मार्केटमध्ये शिरली. लोणच्याचे दिवस होते. कैऱ्या फोडून देणाऱ्यापुढे दहा-बारा बायकांची रांग आणि त्या रांगेत चौथ्या, दोन्ही हातांत पिशव्या, शर्मिष्ठाकाकू.

"काकू, तुमचा फोन," श्वेता धापा टाकत म्हणाली. "फोन द्या पटकन."

"कोण आजारी आहे?" शर्मिष्ठाकाकूंनी विचारलं. त्या पस्तीस वर्षं नर्स होत्या. धावत आलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा.

"कुणी नाही. म्हणजे पिल्लू धाग्यात अडकलंय आणि कॅमेरा बंद आहे आणि तुमच्या फोनमध्ये आमचा पासवर्ड आहे."

काकूंना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी वेळ घालवला नाही. फोन पिशवीच्या तळाशी होता, पाच किलो कैऱ्यांखाली. दोघींनी मिळून कैऱ्या फुटपाथवर काढल्या. श्वेताने फोन हातात घेतला, वायफायची यादी उघडली, खाली खाली सरकवत गेली, आणि सापडलं. ‘तुळसकर तीन’, इंग्रजीत, मधे आडवी रेघ. तिने शेअर दाबलं. काकूंनी अंगठा टेकवला. पडद्यावर काळापांढरा चौकोन उमटला आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत पासवर्ड.

सुरमईनकोबांगडासात. इंग्रजी लिपीत, पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळी लहान, सात मात्र आकड्यात.

रांगेतल्या बायका बघत असताना श्वेता तिथेच हसत सुटली. घरात सुरमई आणली की सुयोग लहानपणी रुसून बसायचा. त्याला बांगडाच लागायचा.

"चला," शर्मिष्ठाकाकू कैऱ्या परत भरत म्हणाल्या. "मी येते. धागा कापायचा तर तुमच्या स्वयंपाकघरातली कात्री नाही चालणार. माझ्याकडे टोकाला बोथट असलेली आहे, टाके काढायची. आणि कैऱ्या काय, दुपारीही फोडून मिळतील."

रिक्षाने दोघी चार मिनिटांत पोचल्या. काकू कात्री घ्यायला पहिल्या मजल्यावर थांबल्या, श्वेता दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

तिने पासवर्ड टाकला, दोनदा तपासला आणि सेव्ह केलं. राउटरचा दिवा विझला, लागला. कॅमेऱ्याचा प्लग काढला, लावला. तीन मिनिटं.

काही नाही.

"असं कसं?" ती म्हणाली. "नाव तेच, पासवर्ड तोच." तिचा फोन चटकन जोडला गेला होता. टॅबही जोडला गेला. कॅमेरा नाही. आणखी तीन मिनिटं थांबून पाहिलं. नाही.

"एक पिल्लू गेला असात," गुणाजी खिडकीतून म्हणाले. "माका फडफड ऐकू इली. पण दिसाक नाय."

तेवढ्यात प्रेमाताई म्हणाल्या, "माझा फोन पण जोडत नाहीये गं. नाव दाखवतोय, पण आत घेत नाही. मघापासून नुसता फिरतोय."

श्वेताने वळून आईकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या त्या जुन्या, कोपऱ्यात तडा गेलेल्या फोनकडे.

"परत सांग. काय फिरतोय?"

"जोडतोय जोडतोय म्हणतो आणि सोडून देतो."

"म्हणजे नवीन वस्तू जोडल्या जातायत आणि जुन्या नाही," श्वेता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "तुझा फोन जुना, कॅमेरा जुना. पासवर्ड चुकलेला नाहीच. राउटरच जुन्यांना आत घेत नाहीये."

ती परत राउटरच्या पानावर गेली. सकाळी तिने हे पान पाहिलंही नव्हतं. आता ओळ न् ओळ वाचू लागली. सुरक्षेच्या रकान्यात तीन पर्याय होते. जुनी पद्धत, नवी पद्धत, दोन्ही. राउटर आला तेव्हापासून ‘नवी’वर होता. तिने ‘दोन्ही’ निवडलं. आईचा फोन लगेच जोडला गेला.

"झाला," प्रेमाताई म्हणाल्या.

कॅमेरा मात्र अजून नाही. पण आता श्वेताला धीर आला होता. तिने सुयोगच्या सूचना वरपासून खालपर्यंत वाचल्या आणि सहाव्या ओळीवर थांबली. हा कॅमेरा फक्त हळू, लांब पोचणाऱ्या लहरीवर चालतो, असं त्याने लिहून ठेवलं होतं. नव्या राउटरमध्ये दोन लहरी होत्या, एक हळू आणि एक वेगवान, आणि राउटरने त्या एकाच नावाखाली एकत्र बांधल्या होत्या. फोन त्यातून आपली आपण निवडत होते. कॅमेरा बहुधा तिथेच गोंधळत होता. तिने ते एकत्र बांधणं बंद केलं. वेगवान लहरीला वेगळं नाव दिलं, जे सुचलं ते. हळू लहरीला जुनं नाव ठेवलं. सेव्ह. प्लग काढला. लावला.

शर्मिष्ठाकाकू कात्री हातरुमालात गुंडाळून आत आल्या तेव्हा तिघंही श्वेताच्या फोनवरची ती यादी बघत होती. श्वेताचा फोन. टॅब. प्रेमाताईंचा फोन.

मग चौथी ओळ आली. नाव नव्हतं, नुसते आकडे.

"तोच," श्वेता म्हणाली.

टॅबवर काळा चौकोन थरथरला, करडा झाला, आणि एकदम घरटं दिसलं. काड्या, पिसं, बदामाचं एक वाळकं पान. आणि दोन पिल्लं. एक भोकाच्या कडेवर, अर्धं बाहेर. दुसरं खाली, पंख पसरून, पिवळा धागा ताणून.

"एक गेला ता खरां," गुणाजी म्हणाले. पहिल्यांदाच स्टुलावरून उठले.

भोकातलं पिल्लू पुढे झुकलं, मागे आलं, परत झुकलं. बाहेर नर ओरडत होता. प्रेमाताईंनी श्वेताचा दंड घट्ट धरला होता. पिल्लू एकदा खाली बघून आलं, जणू धाकट्याला काही विचारलं, आणि गेलं. भोकातून उजेड थेट घरट्यात पडला.

"आता," श्वेता म्हणाली.

गुणाजींनी ग्रिलमधून हात घातला. हे खोकं त्यांनीच बनवलं होतं, बिजागरी कुठे अडकते ते त्यांना ठाऊक होतं. झाकण आवाज न करता उचललं गेलं. शर्मिष्ठाकाकू त्यांच्या शेजारी, कात्री सरळ धरून.

"वरून धरा, पंख मिटवून," त्या हळू म्हणाल्या. "घट्ट नको. हं. आता पाय माझ्याकडे."

पिल्लू गुणाजींच्या मुठीत मावलं. त्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं की त्यांना ते बोटांत कळत होतं, असं ते नंतर सगळ्यांना सांगत. काकूंनी कात्रीचं बोथट टोक धागा आणि पाय यांच्या मध्ये सरकवलं. एक वेढा कापला. दुसरा. तिसरा आत रुतला होता. त्यापाशी त्या जरा थांबल्या, श्वास घेतला आणि तोही कापला. पायावर लाल वण होता, पण बोटं हलत होती.

"मोडलेला नाही," काकू म्हणाल्या. "सोडा."

गुणाजींनी त्याला परत घरट्यात ठेवलं आणि झाकण लावलं. सगळे टॅबकडे वळले. पिल्लू क्षणभर नुसतंच बसलं. मग त्याने तो पाय उचलून पाहिला, ठेवला आणि उडी मारली. या वेळी कुणी मागे खेचलं नाही. ते आपटलं थेट भोकाच्या कडेवर आणि तिथेच चिकटून राहिलं. त्याने पंख झटकले.

"जाशील रे," गुणाजी टॅबला म्हणाले. "जा, बाबा."

साडेबाराला ते गेलं. जाताना कॅमेऱ्यात फक्त एक अस्पष्ट करडी रेघ दिसली. प्रेमाताईंनी खिडकी सताड उघडली, महिन्याभरात पहिल्यांदा, आणि चौघांनी ग्रिलला तोंड लावून बाहेर बघितलं. पिल्लू बदामापर्यंत पोचलंच नव्हतं. ते दुसऱ्या मजल्याच्या कपड्यांच्या दोरीवर, एका निळ्या टॉवेलच्या टोकाला, उलटंसुलटं होत लटकलं होतं. मग दोरी हलली, टॉवेल हलला आणि पिल्लू घसरत, फडफडत खालच्या अनंताच्या झुडपात शिरलं. मागोमाग मादी तिथे उतरली, चोचीत काहीतरी घेऊन.

तेव्हाच समोरच्या कंपाउंडवर कावळा येऊन बसला.

गुणाजी दाराकडे गेले. दाराच्या खुंटीची छत्री घेतली आणि जिना उतरू लागले. गुडघ्यांमुळे ते एरवी जिना उतरायला पाच मिनिटं घ्यायचे. आज श्वेताने चप्पल शोधेपर्यंत ते खाली पोचले होते. वरून पाहिलं तर ऐन दुपारी ते झुडपाजवळ उभे राहून छत्री उघडत होते, मिटत होते, आणि कावळा दर वेळी दोन पावलं मागे सरत होता.

"डावीकडे," शर्मिष्ठाकाकू खिडकीतून ओरडून सांगत होत्या. "तुमच्या डावीकडे, भिंतीवर दुसरा आलाय."

श्वेता जिन्यात असतानाच सुयोगचा मेसेज आला. ड्युटीवरून सुटला होता. तिने जिन्याच्या खिडकीतून उभ्याउभ्याच बाबांचा, छत्रीचा आणि झुडपाचा फोटो काढून त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘गेली. तिन्ही.’ मग ती धावत खाली गेली आणि दुसऱ्या कावळ्याकडे टाळ्या वाजवत सुटली.

दुपारी दोन वाजता प्रेमाताईंनी वरून हाक मारली, "जेवायला येताय का दोघं?"

"ताट खाली धाड," गुणाजी म्हणाले. "मी काय आता हलूचंय नाय."